चौथ्या दिवशीचा हिरवा

“मावशी, चार दिस ह्याला हात लावू नका. कोणालाच लावू देऊ नका. फुंकर बी मारायची न्हाई.”

मिनाचा हा आवाज दोन वर्षांपासून माझ्या कानात आहे. सकाळी पूजेला बसले, वात तुपात भिजवायला घेतली, की आधी तो येतो आणि मग देवाचं नाव येतं. हे बोलली तेव्हा ती आमच्या देवखोलीतल्या कोनाड्यापुढे गुडघे टेकून बसली होती. कोनाड्यात एक काचेचा पेला होता. पेल्यात तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी, आणि त्या पाण्यात उभी केलेली काचेची पट्टी, पोस्टकार्डाएवढी.

“न्हाई लावत, माय,” मी म्हणाले. “माझे नेम ठाऊक हायेत न तुला?”

“म्हणून तर तुमच्या घरी आणलं,” ती म्हणाली.

मिना ही हरिचंद राठोडांची थोरली मुलगी. आमच्या कुरुंद्यापासून दीड कोसावर त्यांचा तांडा आहे. हरिचंद दर वर्षी आमच्याकडे हळद शिजवायच्या कामाला येतात, माझ्या लग्नाच्याही आधीपासून. मिना आठवीला गावातल्या शाळेत आली तेव्हा सायकल आमच्या अंगणात लावायची, हौदावर पाय धुवायची, वेणी नीट करायची आणि मग शाळेत जायची. दहावीच्या परीक्षेला महिनाभर ती आमच्याच घरी राहिली. मी पहाटे उठून हरिपाठ म्हणायचे आणि ती पलीकडे कंदील घेऊन गणितं सोडवायची. कधीकधी माझ्याबरोबर दोन ओळी म्हणून परत गणिताकडे वळायची. पुढे ती नांदेडला शिकायला गेली, आणि शिकता शिकता तिथंच एका सरांच्या हाताखाली संशोधन करू लागली.

कसलं संशोधन ते मला तिनंच समजावलं, लेकराला समजावतात तसं. एकदा ती आली ती हातात मोरपीस घेऊनच.

“मावशी, तुमच्या खलबत्त्यात हे कुटू का?”

“काय बोलून राहिली! देवाच्या माथ्यावरचं ते.”

“शेतात पडलेलं हाय. हे बघा, अर्धं मोडलं. असलं तुमी देवाला वाहाल का?”

मी खलबत्ता काढून दिला. तिनं कात्रीनं पिसाचा निळा-हिरवा डोळा बारीक कापला आणि कुट कुट कुटला. मग खल माझ्यापुढे धरला.

“आता दाखवा, निळा कुठं हाय?”

मी वाकून पाहिलं. खलात तपकिरी भुगा होता, तपकिरीच्या डबीतल्यासारखा. निळ्याचा कणसुद्धा नव्हता.

“मोरात निळा रंग नसतोच, मावशी. पिसात लय बारीक काड्यांच्या रांगा असतात, एकीला एक खेटून. उजेड त्यात शिरतो अन् त्यातला निळा तेवढा परत फिरतो. रांगा मोडल्या की निळा संपला.”

तिला तशा रांगा स्वतःच्या हातानं करायच्या होत्या. हातानं म्हणजे हात न लावता. वाळूपासून केलेले गोल कण, डोळ्याला न दिसणारे, सगळे अगदी एका मापाचे. ते पाण्यात सोडायचे, त्यात काच उभी करायची. पाणी हळूहळू उडून गेलं की काचेवर त्यांची थप्पी लागत जाते. “तुमी हळदीची पोती रचता न, अगदी तशी. पण रचायला कोणी न्हाई. आपणहून रचली जातात,” ती म्हणाली. थप्पी नीट लागली की काचेवर मोराच्या मानेचा हिरवा उमटतो. त्यात रंगाचा थेंब नाही.

“अन् त्याचं काय करायचं?” मी विचारलं.

तिनं खल खाली ठेवला. “आईचा फेटिया बघितला न तुमी?” फेटिया म्हणजे तांड्यावरच्या बायांचा घागरा, आरशांनी आणि टाक्यांनी भरलेला. मिराबाईचा मी पाहिलेला होता. “त्याचा लाल उडून गेला. आरसे अजून तसेच चमकतात. मला असा रंग करायचा की धुतला तरी जाणार न्हाई. कारण धुऊन जायला त्यात रंगच नसंल.”

असं ती बोलायला लागली की मला काही कळो न कळो, ऐकत राहावंसं वाटायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर आठवड्याभरानं नांदेडला मोठे तज्ज्ञ येणार होते. त्यांच्यापुढे मिनानं आपली काच ठेवायची होती. ती पसंत पडली तर पुढची तीन वर्षं तिला हेच काम करायला मिळणार, नाही तर नाही. पण प्रयोगशाळेला लागून नव्या इमारतीचं काम चाललं होतं. यंत्र दणके द्यायचं, फरशी हादरायची आणि काचेवरच्या रांगा विस्कटायच्या. तांड्यावरचं घर पत्र्याचं, दुपारी तापतं, पहाटे गार पडतं. आमच्या देवखोलीच्या भिंती मातीच्या, हातभर जाडीच्या. आत पंखा नाही. माझ्याशिवाय कोणी जात नाही. नांदेडहून मांडीवर पेला धरून ती आली ती थेट माझ्या देवखोलीत.

शेजारच्या शकुबाईला हे कळायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

“देवखोलीत तांड्यावरच्या पोरीचा पेला? मनकर्णा, तुझं सोवळं कुठं खुंटीला टांगलं?”

“देवाला चालून राहिलं. तुला काहून चालंना?”

“देव बोलत न्हाई म्हणून चालून राहिलं,” शकुबाई म्हणाली आणि स्वतःच हसली. मग आवाज उतरवून म्हणाली, “ऐक माझं. त्याला काही झालं तर सगळे तुझ्याच नावानं बोट दाखवतील.”

मी ते मनावर घेतलं नाही, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिना तांड्यावरून आली. दिवा लावायची वेळ होती. ती दाराशीच थांबली, पायातली चप्पल काढली, पदर नव्हता तर ओढणी डोक्यावरून घेतली आणि आत वाकली. मग तिनं मला हाक मारली. हाक अशी, की मी हातातलं ताट तसंच ठेवून धावले. काचेच्या वरच्या अर्ध्या भागावर हिरवा उतरला होता. सरळ पाहिलं की हिरवा, मान कलती केली की निळसर. तिनं मोबाईलवर फोटो काढले, दहा-बारा तरी. “फोटोत तो नीट येईना, मावशी,” असं म्हणत परत परत काढत राहिली. जाताना म्हणाली, “उद्या दुपारी येते. तवर पाणी सरतं. मग नांदेडला नेऊन वरून पातळ थर द्यायचा. तो एकदा बसला की मग रगडा, धुवा, काही व्हत न्हाई.”

दुसरा दिवस उजाडला. प्रतिक्षा, माझी सून, तेव्हा बाळंतीण होऊन आमच्याकडेच होती आणि रुद्र तीन महिन्यांचा होता. त्याला मी न्हाऊ घातलं, धुरी दिली, डोळ्यांत काजळ घातलं आणि गालावर काळं बोट टेकवलं. काजळ आमच्या घरी घरीच करतात. दिव्याची काजळी तांब्याच्या भांड्यावर धरायची आणि एरंडेलात खलायची. पिढ्यान्‌पिढ्या तेच.

लेकरू झोळीत टाकलं आणि काजळाची डबी हातात घेऊनच मी देवखोलीत गेले. पूर्वेच्या झरोक्यातून ऊन थेट कोनाड्यात आलं होतं. सगळी काच भरून आली होती. काठापासून काठापर्यंत हिरवा, आणि तो नुसता हिरवा नव्हता, आतून कुणी फुंकर घालावी तसा हलत होता. मला काय झालं ते सांगता येत नाही. मी हात जोडले. ज्यानं मोर रंगवला त्यानंच आमच्या तांड्यावरच्या लेकीच्या हाताला यश दिलं, एवढंच मनात आलं आणि डोळे भरले.

तेवढ्यात शकुबाई ताक मागायला आली. दारातूनच तिला ते दिसलं.

“अगं बया! हे काय दिसून राहिलं गं!” ती उंबऱ्यावर थबकली. मी नको नको म्हणेपर्यंत मान आत घालून बघत राहिली. “मोराला सुद्धा लाजवंल. असलं कधी बघितलं न्हाई बाई.”

ताक घेऊन ती गेली. शकुबाईच्या नजरेला सगळं गाव घाबरतं. तिनं वाखाणलेली म्हैस आटते, असं बायका म्हणतात. मी देवापुढे बसले, पण नाम घेता येईना. लेकराला लावलं तसं ह्यालाही लावावं, असं वाटू लागलं. एवढं देखणं काही माझ्या घरात कधी आलं नव्हतं, आणि ते उघडं होतं.

मिनानं हात लावू नका म्हटलं होतं. मी हात लावला नाही. उपासाला भात चालत नाही आणि भगर चालते, तशा वाटा काढायची माझ्या मनाला जन्माची सवय. मी उदबत्तीची जळून उरलेली काडी घेतली, तिचं टोक काजळात बुडवलं आणि काचेच्या वरच्या कोपऱ्यात, कुणाला दिसायचंही नाही असा, तिळाएवढा ठिपका टेकवला. मनात म्हटलं, पोरी, सुखी राहा.

जप पुरा करून मी डोळे उघडले. त्या कोपऱ्यात ठिपक्याभोवती रुपयाएवढी काच कोरी दिसत होती. हिरवा नव्हता. मला वाटलं ऊन सरकलं असेल. मी बाजूला झाले, वाकले, परत पाहिलं. कोरा गोल वाढत होता. भिंतीत ओल चढते तसा हळूहळू, गाजावाजा न करता. मी घाबरून कापसाची वात घेतली आणि ठिपका टिपला. काळं निघालं. पण ओल चढतच राहिली. एरंडेल एवढंसं होतं, पण मिनानं रचलेल्या त्या थप्प्यांच्या फटींत ते शिरत गेलं.

पाण्यासारखं सुकेल, मी स्वतःला म्हणाले. स्वयंपाक केला, ताटं वाढली. मध्ये तीन वेळा जाऊन आले. दुपारी बारापर्यंत पेल्यात एक साधी खिडकीची काच उभी होती. तिच्यातून मागचा कोनाडा स्वच्छ दिसत होता.

मिना दोनच्या सुमाराला आली. ओसरीवर शकुबाई बसलेली होती, वाती वळत. प्रतिक्षा लेकराला पाजत होती. मिना आत गेली. मग ती पेला हातात घेऊन ओसरीवर आली.

“मावशी,” ती म्हणाली, “रंग गेला.”

“गेला म्हणजे?” शकुबाईनंच विचारलं. “सकाळी तर होता. म्या माझ्या डोळ्यानं बघितला.”

मिनानं काच उजेडात धरली, कलती केली, उलटी केली. तिचा चेहरा रडवेला नव्हता. गणित अडलं की व्हायचा तसाच होता.

“आरपार झालीय. म्हणजे फटीत काही तरी भरलंय.” ती माझ्याकडे वळली. “मावशी, ह्याला तेलाचा हात लागला का? दिव्याचं, समईचं, काही उडालं का?”

शकुबाईच्या हातातली वात थांबली. ती माझ्याकडे बघत होती, मजेनं. बघ, मी म्हणलं नव्हतं का, असं तिच्या डोळ्यांत होतं. प्रतिक्षाही बघत होती. त्या ओसरीवर सगळ्यांना ठाऊक होतं की ही बाई एकादशीला पाणीसुद्धा मोजून पिते, ही खोटं बोलत नाही, हिच्या हातून असलं काही व्हायचं नाही.

“न्हाई,” मी म्हणाले.

एक शब्द. तो माझ्या तोंडातून माझ्याआधी निघाला.

“मांजर बिंजर? उंदीर?”

“न्हाई माय. दार लावलेलं होतं.”

मिनानं मान हलवली. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. शकुबाईचं घर असतं तर मिनानं कुलूप-किल्लीसकट चौकशी केली असती, पण मला परत विचारायची तिला गरज वाटली नाही. “मग माझंच चुकलं,” ती म्हणाली. “हवेतली ओल धरत असंल. नाही तर कणच बराबर नसतील.” तिनं काच रुमालात गुंडाळली.

“तरी म्या म्हणलं होतं,” शकुबाई म्हणाली, “देवाच्या खोलीत देवच ठेवावं माणसानं.”

मिना हसली. तिला हसताना पाहून मला जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी उठले, डब्यातले चार लाडू कागदात बांधले आणि तिच्या मागे फाटकापर्यंत गेले. ती सायकलवर बसत होती. शकुबाई मागे राहिली होती, ऐकायला कुणी नव्हतं.

“काय मावशी? काही म्हणायचं का?”

“न्हाई. लाडू घे. सावकाश जा.”

ती गेली. रस्त्याच्या वळणापर्यंत मला तिची ओढणी दिसत होती. तेव्हा हाक मारली असती तरी चाललं असतं.

नांदेडला तिनं तज्ज्ञांपुढे फोटो ठेवले आणि खरं ते सांगितलं. रंग चार दिवसांत येतो, पण चौथ्या दिवशी आपोआप जातो, का जातो ते मला कळलेलं नाही. एवढं खरं बोलणारी पोरगी. त्यांनी म्हटलं, जो रंग एक दिवस टिकत नाही त्याच्यावर तीन वर्षं कशाला. तिच्या सरांनी परत करून बघ म्हटलं. तिनं केलंही, पण फरशी हादरतच होती आणि काचेवर नुसते पट्टे उठले. त्यानंतर तिनं नाद सोडला. शिरड शहापूरला एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली आणि तिथंच खोली घेऊन राहिली. हे सगळं मला हरिचंदांकडून कळत गेलं, तुकड्या-तुकड्यानं. प्रत्येक वेळी मी हं म्हणायचे.

मी देवाला सांगितलं. पहिल्याच सोमवारी औंढ्याला गेले, नागनाथापुढे नाक घासलं आणि सगळं सांगितलं. सोमवारी अळणी खायचा नेम धरला. शनिवारी मौन धरलं. पाखरांना रोज मूठभर ज्वारी. शिवरात्रीला औंढ्यापर्यंत अनवाणी गेले, पायाला फोड आले, बरं वाटलं. शकुबाई म्हणायची, “तुझे नेम तर लेकरासारखे वाढून राहिले गं. काय मागून राहिली एवढं?” मी हसायचे. मिना दिवाळीला, संक्रांतीला घरी यायची, पाया पडायची, मला तिळगूळ द्यायची. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. त्या हाताखाली तिचे केस असायचे, आणि माझ्या तोंडात तोच एक शब्द असायचा, आणि मी तो गिळून ‘सुखी राहा’ म्हणायचे.

एकदा संक्रांतीला तिनं रुद्रच्या गालावरचं काळं बोट पाहून त्याला कडेवर घेतलं आणि म्हणाली, “आमच्या रुद्रला कोणाची नजर लागून राहिली का?” मी तेव्हा चुलीकडे निघून गेले. दूध उतू चाललं असं सांगितलं. दूध चुलीवर नव्हतंच.

असं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. शकुबाईची भीती दोन दिवसांत सरली होती. मग उरलं होतं ते काय? मिनाच्या डोळ्यांत मी जशी होते तशीच मला राहायचं होतं. तिच्या कामापेक्षा मला ते मोठं वाटलं. हे उमगायला मला दोन वर्षं लागली, आणि इतके सोमवार अळणी जेवून उमगलं ते हेच.

मागच्या शनिवारी अंगणात आमची हळद शिजत होती. आता कढया राहिल्या नाहीत, वाफेवर शिजवायचं मशीन येतं, पण राखायला हरिचंद लागतातच. सकाळच्या चहाला ते जात्याशेजारी बसले. हात कोपरापर्यंत पिवळे.

“बाई,” ते म्हणाले, “पोरीला नांदेडच्या सरचा फोन आला व्हता.”

शनिवारचं माझं मौन असतं. मी हातानंच काय म्हणून विचारलं.

“पुण्याला कुठंतरी तेच काम सुरू व्हऊन राहिलं म्हने. त्या रंगाचं. सरनं तिचा तो फोटो तिकडं दाखवला. ते म्हनले, जिनं हे केलं ती पोरगी पाह्यजे. सोमवारपर्यंत कळवायचं.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “न्हाई म्हनली.”

“काहून?” मी बोलले. मौन मोडलं हे माझ्या नंतर लक्षात आलं.

“म्हनते, बाबा, ते टिकत न्हाई. एका सकाळीत गेलं, काहून गेलं ते मलाच कळलं न्हाई, तर त्या लोकाईला काय सांगू? फसवायचं का त्यांना?” हरिचंद पेला खाली ठेवून हाताकडे बघत राहिले. “मिराबाईनं लय समजावलं. म्या बी ओरडलो. ऐकत न्हाई. सुट्टीला घरी येते, गप पडून राहते. पयले कशी बडबड करायची, तुमाला तर ठाऊक हाय.”

मशीनमधून वाफ सुटली. पोरं ओरडत बाजूला झाली. रुद्र प्रतिक्षाच्या हातातून सुटून पळत आला आणि माझ्या गुडघ्याला बिलगला.

“तुमी एक डाव बोला तिच्याशी, बाई. तुमचा शब्द ती खाली पडू देणार न्हाई. ती म्हनते, मनकर्णा मावशी म्हनल्या न्हाई, म्हणजे न्हाई. त्यांच्या घरात काही झालं न्हाई, म्हणजे दोष त्या कामातच हाय.” ते थोडं हसले. “तुमच्यावर एवढा भरोसा तर तिचा माझ्यावर बी न्हाई.”

मी रुद्रच्या डोक्यावर हात ठेवला. तो वर बघायला लागला.

“फोन लावून देऊ का?” हरिचंदांनी खिशातून मोबाईल काढला.

“नको. समोर जाऊन बोलायचं हाय.” मला माझाच आवाज परका वाटला. “उद्या ती शिरडलाच असंल?”

“व्हय. पेपर तपासायचे म्हने, म्हणून आली न्हाई.”

“मग उद्या सकाळी जाते मी.”

“खरंच जासाल? एवढं हळदीचं काम सोडून?”

“जाईन, हरिचंदभाऊ. शब्द देते तुमाला. सोमवारच्या आत तिला भेटते अन् जे सांगायचं ते सांगते.”

त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं मी तिची समजूत घालायला जाणार. त्यांनी पिवळे हात जोडले आणि मशीनकडे गेले. मी तिथंच बसून राहिले. ह्या माणसालाही आधी सांगायला हवं होतं. पण पहिला हक्क तिचा होता.

पहाटे उठले, आंघोळ केली, इरकल नेसले. औंढ्याकडची जीप फाट्यावर सातला असते, त्यानंतर दहापर्यंत काही नाही. माझी पूजा आणि जप सरायला साडेआठ होतात. लग्न झाल्यापासून पूजा पुरी केल्याशिवाय मी गावाची वेस ओलांडलेली नाही, तापात नाही, सुतकातसुद्धा मनातल्या मनात केली आहे. दहाच्या गाडीनं गेले असते तरी दुपारी पोचले असते. पण मी स्वतःला ओळखते. दहापर्यंत माझ्या मनानं काही तरी वाट काढली असती.

प्रतिक्षा अंगण झाडत होती.

“आत्या, एवढ्या सकाळी? पूजा झाली?”

“आज तू कर. दिवा लाव, दोन बेल वाहा.”

“अन् तुमचा नेम?” तिच्या हातातला झाडू थांबला.

“राहू दे आज.”

ती आत जाऊन माझ्यासाठी पाण्याची बाटली भरून घेऊन आली. तिच्या हातून ती घेताना मला वाटलं हिला सांगावं, निदान सवय होईल जिभेला. तोंड उघडलं आणि मिटलं. सवयीनं सांगायची गोष्ट नव्हती ती.

फाट्यापर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंनी वाळत घातलेल्या हळदीनं भरला होता. शकुबाई ओट्यावर दात घासत होती. “कुठं गं, देवाला?” तिनं तोंडातलं मशेरीचं पाणी थुंकून विचारलं. मी हात हलवला आणि चालत राहिले. मनात वाक्य जुळवत होते. मिना, ते काम खोटं नव्हतं. मिना, रंग आपणहून गेला न्हाई. प्रत्येक वाक्य सुरू व्हायचं आणि ‘मी’ या शब्दापाशी अडायचं. ती रागावेल. रागावली तर बरं. ती गप्प बसेल आणि दोन वर्षं बोटांवर मोजेल, त्याची मला जास्त भीती होती. कदाचित म्हणेल, आता सांगून काय. तिनं माफ करावं असं मागायला मी चालले नव्हते. मागायचा मला हक्कही नव्हता.

जीप उभीच होती. ड्रायव्हर मला दर सोमवारी दहाच्या फेरीला औंढ्याला नेतो. त्यानं पुढची जागा झटकली.

“या मावशी. आज रविवारीच? औंढ्याचं ना?”

“न्हाई बाबा,” मी म्हणाले. “शिरडला उतरव.”

त्यानं मान डोलावली आणि चावी फिरवली. मी पदर सावरला, बाटली मांडीवर धरली आणि समोरच्या रस्त्याकडे बघत पहिला शब्द परत एकदा मनात म्हणून पाहिला.